पूर्वजन्मात जाऊन मनाची जखम भरते का?

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून त्यातलं मला जे कळलं ते आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ४३. एप्रिल २०२१ मध्ये आई करोनानं गेल्या. नऊ दिवस त्या रुग्णालयात होत्या आणि भेटू दिलं नाही. एकदा व्हिडिओ कॉल झाला, तोही मास्कमुळे धड ऐकू आला नाही. तेव्हापासून रात्री कधीतरी तुमचा घसा आवळल्यासारखा होतो, उठून खिडकीशी जावं लागतं. छातीच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलात, तिथे काही निघालं नाही. आता नणंदेच्या ओळखीच्या एक बाई म्हणतात की गेल्या जन्मी तुमचा गळा आवळला गेला असणार, आणि सासूबाईंशी तुमचं जमत नाही त्याचंही मूळ तिथेच आहे. त्या पाच सेशनचं पास्ट लाइफ रिग्रेशन, म्हणजे संमोहनाखाली मागच्या जन्मात नेणं, करून देणार आहेत. तुम्ही विचारलंय: हे खरं असतं का, यानं बरं वाटतं का, आणि नुकसान तर होत नाही ना?

सेशनमध्ये जे दिसतं ती पूर्वजन्माची आठवण असते असं मानायला मला आधार सापडलेला नाही. बरं मात्र पुष्कळांना वाटतं. आणि नुकसान होऊ शकतं. आपल्या मराठी घरांत ते एका ठरावीक वाटेनं होतं. त्या वाटेबद्दल मला जास्त बोलायचंय, पण तिथवर जायला थोडा वेळ लागेल.

मी हे काठावरून सांगत नाही. मानसशास्त्राचं शिक्षण झाल्यावर मी संमोहन शिकले आणि सात-आठ वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींना स्वतः पूर्वजन्मात ‘नेलं’. तेव्हा मागणी जोरात होती. मायामीचे मनोविकारतज्ज्ञ ब्रायन वाइस यांचं पूर्वजन्मांवरचं १९८८ सालचं पुस्तक लोक एकमेकांना वाचायला देत होते. डिसेंबर २००९ मध्ये तर एका हिंदी वाहिनीवर लोकांना कोचावर झोपवून त्यांचा मागचा जन्म दाखवणारा कार्यक्रमच सुरू झाला, आणि माझा फोन वाजायचा थांबेना. आता मी हे करत नाही.

सेशनमध्ये नेमकं काय होतं ते बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. तुम्ही आडव्या पडता, डोळे मिटता. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडायला सांगतात. मग एक जिना येतो, दहा पायऱ्यांचा, आकडे उलटे मोजत उतरायचा. खाली दार. दार उघडलं की पहिला प्रश्न जवळजवळ सगळीकडे सारखाच: ‘पायांकडे बघा, पायांत काय आहे?’ कोणी म्हणतं अनवाणी, कोणी म्हणतं वहाणा. तिथून कपडे, घर, माणसं. ‘यातलं कोणी ओळखीचं वाटतं का? डोळ्यांत बघा.’ मग त्या जन्मातला सगळ्यात दुःखाचा प्रसंग, मग मृत्यू, मग वरून स्वतःच्या देहाकडे बघणं, ‘या जन्मातून काय शिकलात’ हा प्रश्न, आणि पुन्हा जिना. दीड-दोन तास लागतात. माणूस झोपलेला नसतो, बेशुद्धही नसतो. सगळं ऐकू येत असतं. दहा-पंधरा टक्के माणसं फार सहज खोल जातात, साधारण तितक्यांवर फारसा परिणाम होत नाही, बाकीची मधे कुठेतरी.

आता त्या पायांचाच प्रश्न बघा. पायांकडे बघा म्हटलं की मन पाय बनवतं. वहाणा दिसल्या की वहाणांना शोभेलसं धोतर येतं, धोतराला शोभेलसा वाडा. यात खोटेपणा कुठेही नाही; समोरची व्यक्ती काही रचून सांगत नसते, तिला ते खरोखर दिसत असतं. स्वप्नात घर दिसतं तेव्हा तरी आपण कुठे विटा रचतो?

मग हे सामान येतं कुठून? याचा सगळ्यात देखणा शोध जिनिव्हात लागला, आणि गंमत म्हणजे त्याचा धागा आपल्या शेजारच्या मुलखात येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथली एक बाई समाधीसारख्या अवस्थेत जाऊन बोलायची. हेलन स्मिथ हे तिचं टोपणनाव. गेल्या एका जन्मी आपण सिमंदिनी नावाची राजस्त्री होतो, कानडा मुलखातल्या शिवरूक नायक नावाच्या राजाची राणी होतो, त्यानं १४०१ मध्ये चंद्रगिरीचा किल्ला बांधला, असं ती सांगे. संस्कृतसारखं काहीतरी म्हणेसुद्धा. भाषाशास्त्रातले मोठे नाव फर्दिनां द सोस्यूर यांनी ते बोल तपासले: ध्वनी संस्कृतच्या वळणाचे, पण भाषा म्हणून कडबोळं. मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लुरन्वा यांनी पाच-सहा वर्षं तिचा पाठपुरावा केला. शेवटी त्यांना १८२८ मध्ये छापलेला भारताच्या इतिहासाचा एक जुना फ्रेंच ग्रंथ सापडला आणि त्यात नाव, किल्ला, साल सगळं तसंच होतं. ती खोटं बोलत होती असं फ्लुरन्वांनी म्हटलं नाही. कधीतरी कुठेतरी नजरेखालून गेलेलं, विसरलेलं, मनानं राणीची वस्त्रं घालून परत आणलं, असा त्यांचा निष्कर्ष. १९०० मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला.

पुढे हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला. १९५२ मध्ये अमेरिकेत कोलोराडोतल्या एका गृहिणीला संमोहनाखाली आयर्लंडमधली ब्रायडी मर्फी ‘आठवली’: जन्म १७९८, कॉर्क, मृत्यू १८६४, बेलफास्ट. त्यावरचं पुस्तक प्रचंड खपलं. आयर्लंडच्या दप्तरांत ब्रायडी सापडली नाही; पत्रकारांना मात्र शिकागोत त्या गृहिणीच्या लहानपणच्या घरासमोर राहणारी एक आयरिश बाई सापडली, माहेरची मर्फी. फिनलंडच्या रीमा काम्पमान यांनी तर एक साधी युक्ती केली. संमोहनाखाली ज्यांना मागचे जन्म दिसले होते त्यांना पुन्हा संमोहित करून त्यांनी विचारलं, हे तुम्ही या जन्मात पहिल्यांदा कुठे पाहिलं? एका मुलीनं मागच्या जन्मात मध्ययुगीन इंग्रजी गाणं म्हटलं होतं. तिला आठवलं की वाचनालयात एका पुस्तकाची पानं तिनं नुसती चाळली होती, त्यात ते गाणं होतं.

कॅनडातल्या निकोलस स्पॅनोस यांच्या १९९१ च्या प्रयोगांचा तर मी धसकाच घेतला. काही जणांना सेशनआधी सहज सांगितलं गेलं की जुन्या काळी मुलांचा छळ सर्रास व्हायचा. त्यांच्या पूर्वजन्मात छळ झालेली मुलं जास्त आली. सांगणाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे जन्म बदलला! मी ते वाचलं त्या रात्री माझ्या जुन्या फाइली काढल्या. माझ्याकडे आलेल्या बायकांच्या पूर्वजन्मात विहिरी किती होत्या! विहिरीत ढकललेली सून, विहिरीवर बुडालेलं मूल, विहिरीत उडी. पुरुषांच्या जन्मांत लढाया, गढ्या, एक-दोन संन्यासी. विहीर त्यांच्या मनात होतीच. कुठल्या मराठी बाईच्या आजीनं एखादीची विहिरीची गोष्ट सांगितलेली नसते? पण मी ‘जवळपास पाणी आहे का’ हे किती वेळा विचारलं होतं, तेही त्या फाइलीतच होतं.

तुमच्या बाबतीत तर सेशनच्या आधीच सांगून झालंय की गळा आवळला गेला होता. आता तुम्ही जिना उतरलात तर कोणीतरी तुमचा गळा आवळेलच. त्यासाठी पूर्वजन्म असायची गरज नाही.

इथे एक वेगळी गोष्ट बाजूला ठेवते, कारण कोणीतरी विचारेलच. लहान मुलं आपणहून मागच्या जन्माबद्दल बोलतात, त्याचा अभ्यास व्हर्जिनिया विद्यापीठातल्या इयन स्टीव्हन्सन यांनी आयुष्यभर केला, भारतातही केला. आपल्या नागपुरातल्या एका सुशिक्षित मराठी बाई १९७४ पासून अधूनमधून ‘शारदा’ होऊन बंगाली बोलू लागल्या, त्या प्रकरणाचाही त्यांनी पाठपुरावा केला होता. त्याचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण हेच स्टीव्हन्सन संमोहनानं काढलेल्या पूर्वजन्मांवर फारसा विश्वास ठेवत नसत. म्हणजे पुनर्जन्म मानणं आणि हे तंत्र मानणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही पुनर्जन्म मानत असाल तर जरूर माना. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला म्हणतात, माझे आणि तुझे पुष्कळ जन्म झाले, मला ते सगळे ठाऊक आहेत, तुला नाहीत. अर्जुनालासुद्धा नाहीत! पतंजलींनी पूर्वजन्माचं ज्ञान होतं म्हटलंय खरं, पण ते संस्कारांचा साक्षात्कार झाल्यावर. दहा पायऱ्या उतरून नव्हे.

तरी बरं का वाटतं? वाटतं, यात शंका नाही; मी डोळ्यांनी पाहिलंय. एस.टी.त वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते (तपशील थोडे बदलतेय). ते नऊ वर्षांचे असताना धाकटा भाऊ नदीत त्यांच्यादेखत बुडाला होता. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्या तीन भेटींत सांगितलीच नव्हती. झोप येत नाही, एवढीच तक्रार. सेशनमध्ये ते नावाडी झाले. पुराच्या पाण्यात नाव उलटली, चौघांना त्यांनी काठावर आणलं आणि पाचवं पोर सुटलं. ते इतके रडले की बाहेर बसलेली त्यांची सून घाबरून आत आली. पुढच्या भेटीत खुर्चीत बसता बसताच म्हणाले, ‘बाई, तो नावाडी राहू द्या. माझा भाऊ बुडाला होता.’

हे का झालं असेल? भावाच्या गोष्टीत ते नऊ वर्षांचे आणि गुन्हेगार होते. नावाड्याच्या गोष्टीत त्यांना स्वतःकडे लांबून बघता आलं, आणि लांबून बघितल्यावर दिसलं की हा माणूस करण्यासारखं सगळं करतोय. कथाकीर्तनात हेच होतं. हरिश्चंद्राच्या आख्यानाला बायका रडतात त्या सगळ्या काय तारामतीसाठी रडतात? शिवाय दोन तास कोणीतरी पूर्ण लक्ष देऊन ऐकतंय, मधे फोन नाही, सल्ला नाही, ‘अहो असं काय करता’ नाही. आपल्याकडे किती जणांना असे दोन तास मिळतात? आणखी एक: भीतीचा प्रसंग सुरक्षित जागी, शरीर सैल असताना, मनासमोर शेवटपर्यंत येऊ दिला की त्याची धार कमी होते. त्याच प्रसंगाचं चित्र मनात बदलून पाहायचं, त्यात मदतीला कुणाला तरी आणायचं, असं एक तंत्र आज आघातानंतरच्या त्रासासाठी आणि दुःस्वप्नांसाठी वापरतात. त्यावर नीट संशोधन झालेलं आहे, आणि त्याला पूर्वजन्म लागत नाही.

नावाड्याचं मी ज्याला यश म्हणते ते एवढ्यासाठी की गोष्ट परत याच जन्मात आली. नावाडी तिथेच राहिला असता तर? मग दुसरी फाइल उघडावी लागते, जी मला आवडत नाही.

एक बाई, तिशीच्या. नवरा मारायचा. ‘मला समजून घ्यायचंय की माझ्याच वाट्याला हे का,’ म्हणून आल्या होत्या. सेशनमध्ये त्या सावकार झाल्या. गावातल्या एका कुळाची जमीन त्यांनी लिहून घेतली, तो माणूस बायकापोरांसकट देशोधडीला लागला. ‘डोळ्यांत बघा,’ मी म्हटलं. मीच म्हटलं. त्या म्हणाल्या, हे यांचे डोळे आहेत. शांत होऊन उठल्या, ओघळ पुसले आणि म्हणाल्या, ‘मग बरोबर आहे. मी फेडतेय.’ माझ्या हातच्या त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलंय: ‘हलकी झाली. क्षमाभाव. उत्तम प्रगती.’ आठ महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा डावा हात प्लास्टरमध्ये होता. मधल्या काळात माहेरी जायचा विषय भावानं दोनदा काढला होता आणि त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं, कारण फेड अर्धवट सोडली तर पुढच्या जन्मी पुन्हा.

त्या दिवसापासून मी रिग्रेशन बंद केलं.

हीच ती वाट. पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांतून हे तंत्र आपल्याकडे आलं, पण तिथल्या माणसासाठी पूर्वजन्म ही कोरी जागा असते. लहानपणापासून त्याच्या घरात कोणी त्या जागेत काही लिहून ठेवलेलं नसतं. तो तिथे जातो, स्वतःला बिचारा, निरपराध पाहतो, आणि मोकळा होऊन परत येतो. आपल्याकडे ती जागा कोरी नाही. सहाव्या दिवशी सटवी लिहून गेलेली असते. ‘गेल्या जन्मी काय पाप केलं होतं देव जाणे’ हे वाक्य आपण दूध उतू गेलं तरी म्हणतो. कुणी चांगलं वागलं तर ऋणानुबंध, कुणी छळलं तर देणं राहिलं असेल. आपल्या भाषेत पूर्वजन्म ही हिशेबाची वही आहे, आणि तिच्यात बहुतेक वेळा बाईच्याच नावावर बाकी निघते. मी त्या सात-आठ वर्षांच्या फाइली चाळल्या तेव्हा मला आढळलं ते असं: ज्यांना घरात त्रास होता अशा बायका पूर्वजन्मात बहुधा त्रास देणाऱ्या निघाल्या होत्या. हे काही संशोधन नाही, माझ्या एका दवाखान्याचा अनुभव आहे. पण तो मला पुरेसा आहे.

म्हणून सासूबाईंबद्दल त्या बाईंनी जे सांगितलं, ते तुमच्या घशाबद्दलच्या भाकितापेक्षा मला जास्त खटकलं. सासूबाईंशी तुमचं का जमत नाही ते तुमच्याच पत्रात आहे. आई गेल्यावर तेराव्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘आता किती दिवस चालायचं हे?’ तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबले. हे या जन्मातलं आहे, तारीखवार आहे, आणि याबद्दल त्यांच्याशी किंवा निदान नवऱ्याशी बोलता येतं. मागच्या जन्मीच्या वैराबद्दल कोणाशी काय बोलणार?

याच वहीचा गैरफायदा घेणारेही असतात, आणि हे आपल्या कायदे करणाऱ्यांनाही दिसलं होतं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एक कलम नेमकं याबद्दल आहे: मागच्या जन्मी तू माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तुमच्या प्रकरणात असं काही नाही. पण कोणीही थेरपिस्ट सेशनमध्ये स्वतःच तुमच्या मागच्या जन्मात नातेवाईक म्हणून निघाला, तर चप्पल घालून बाहेर पडा.

आता घसा.

छातीचे डॉक्टर झाले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, थायरॉइडची रक्ततपासणी करा, आणि रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येतं का ते त्यांना सांगा. ॲसिडिटीनंही घशात गोळा अडकल्यासारखं होतं. ते सगळं ठीक निघालं तर उरतो तो घाबरण्याचा झटका. त्यात काय होतं: श्वास भराभर आणि वरवर चालतो, घशाचे आणि मानेचे स्नायू आखडतात, ‘गुदमरतेय’ असं वाटतं, त्यानं आणखी भीती, आणखी भराभर श्वास. साधारण दहा मिनिटांत कळस गाठून तो ओसरतो. यावर चांगले उपचार आहेत, औषधांचेही आणि बोलण्याचेही. आईला न सांगितलेलं तुमच्या घशात अडकलंय, असं मी म्हणणार नाही. ऐकायला छान वाटतं, पण मग मी आणि त्या बाई एकाच पंक्तीला बसलो. एवढं मात्र म्हणेन की तुमच्या आईला श्वास घेता येत नव्हता, ते तुम्ही पडद्यावर पाहिलं, आणि तुमचा त्रासही श्वासाचाच आहे. याचा संबंध असू शकतो, आणि तो शोधायला २०२१ च्या मागे जावं लागत नाही.

जवळचं माणूस गेल्यावर सहा महिन्यांहून जास्त काळ दुःख तितकंच तीव्र राहिलं आणि रोजचं जगणं त्यानं अडलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याला आता स्वतंत्र नाव आहे, प्रदीर्घ शोकविकार. म्हणजे तुम्ही कमकुवत नाही, नाटकी नाही, आणि ‘किती दिवस चालायचं’ याला वैद्यकशास्त्रानंही काही उत्तर देऊन ठेवलंय. तुमच्या बाबतीत तर शोकाची नेहमीची सगळी दारंच बंद होती. शेवटचं पाणी नाही, चेहरा नाही, अस्थी प्लास्टिकच्या डब्यात मिळाल्या, दहावा कोणीतरी परस्पर उरकला.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना झाला की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. एकेक जण पुढे होतो आणि मोठ्यानं सांगतो: धाकट्याचं लग्न आम्ही करू, बाबांना एकटं ठेवणार नाही, जमिनीवरून भांडणार नाही. गेलेल्या माणसाशी सगळ्यांदेखत बोलायची ही आपली जागा. कावळा येतो की नाही हा भाग सोडा. ज्यांनी ती प्रथा घडवली त्यांना माणसाच्या मनातलं बरंच कळत होतं, इतकंच म्हणते. तुम्हाला तिथे उभंच राहता आलं नाही.

माझ्याकडे आला असतात तर मी तुम्हाला मागे नेलं असतं, पण चार-पाच वर्षंच. डोळे मिटून, शरीर सैल सोडून, त्या व्हिडिओ कॉलपर्यंत. आई काय म्हणाली असेल असं तुम्हाला वाटतं? मास्क नसता तर तुम्ही काय विचारलं असतंत? मग त्या खोलीत तुम्हाला आत जाऊ दिलं असतं. मनातल्या मनात, हे मन-चित्र आहे हे दोघींनाही ठाऊक असताना. खुर्ची ओढून बसायचं, हात हातात घ्यायचा, जे सांगायचंय ते मोठ्यानं. एका भेटीत होत नाही; पहिल्यांदा बहुतेकजण दारातच थांबतात. मधल्या दिवसांत आईला पत्र लिहायचं, आणि त्यात भांडायचं असेल तर भांडायचंसुद्धा. आठ-दहा भेटी लागतात, कधी जास्त.

आपल्या संत बहिणाबाईंनी स्वतःचे बारा पूर्वजन्म अभंगांत सांगितलेत, अखेरच्या काळात, मुलाला; चालू जन्म तेरावा. पूर्वजन्मावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावेत, आणि त्यांचा क्रमही बघावा. बालपण, नवऱ्याचा जाच, वासराचा लळा, तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह, हे याच जन्मातलं आधी सविस्तर येतं. मागचे जन्म त्यानंतर.

एवढं सांगूनही तुम्हाला जाऊन बघावंसं वाटेल, कदाचित नणंदेचं मन राखायला. मग काही गोष्टी पाळा. थेरपिस्टनं आधीच निदान सांगितलं असेल तर दुसरा शोधा. म्हणजे या बाई नकोतच. त्यांचं मूळ शिक्षण काय ते विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत असते, मनोविकारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेत; रिग्रेशनचं नुसतं प्रमाणपत्र शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतही मिळतं. पाच सेशनचे पैसे एकदम भरू नका. बरोबर कोणाला तरी न्या, आणि सेशनचं ध्वनिमुद्रण मागा. दिलं नाही तर उठा. चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. ज्यांना कधी भास झालेत, उन्मादाचा आजार आहे, अधूनमधून मधलं काही आठवतच नाही असं होतं, किंवा सध्या मरणाचे विचार येतायत, त्यांनी हा प्रयोग करूच नये. मरणाचे विचार तुमच्या पत्रात नाहीत, पण रात्री तीन वाजता खिडकीशी उभं असताना ते आले तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि सेशनमध्ये जे दिसेल ते दिसू द्या, रडू आलं तर रडा. पण त्यावरून कोणाचं नातं ठरवू नका. सासूबाई त्यात निघाल्या, नवरा निघाला, मुलगी निघाली, तरी तो निकाल नव्हे. घरी येऊन एक पान लिहा: हे दृश्य आजच का दिसलं, आणि यातल्यासारखं मला या जन्मात केव्हा वाटलं होतं. ते पान घेऊन एखाद्या साध्या समुपदेशकाकडे जा.

नणंदबाईंना नाही म्हणताना अवघड वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी हे काळजीपोटी सुचवलंय, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. त्यांना म्हणा, ताई, त्या बाईंकडे नको, पण माझ्याबरोबर एकदा नाशिकला गंगेवर चला. आईचं मला करता आलं नव्हतं ते करायचंय. भटजी हवेत की नकोत ते तुम्ही ठरवा. घाटावर गेल्यावर थोडा वेळ त्यांना लांब उभं राहायला सांगा.